दोऱ्यावरचं बोट

"रंग अजून ओला आहे, बाई. हात लावू नका," खरमाटे सर म्हणाले आणि त्यांनी ताट माझ्यापासून लांब सरकवलं.

ताट शाळेचंच, बक्षीस-समारंभाला काढायचं ते. त्यावर इस्त्रीचा पांढरा रुमाल आणि रुमालावर दोन पट्टीचुंबकं. लालभडक ऑइलपेंट दिलेला, एका टोकाला पांढऱ्या रंगात ‘उ’, दुसऱ्या टोकाला ‘द’. पेंटरने अक्षरांना सावलीसुद्धा काढली होती.

"सर, एकदा नुसत्या टाचण्या लावून बघते. वर्गात ऐनवेळी पंचाईत नको."

"पंचाईत कसली त्यात? चुंबक आहे ते. आणि ओरखडा उठला तर साहेबांना काय दाखवू मी? रुमालासकट वर्गात येईल ताट. तुम्ही फक्त पाठ घ्या."

खरमाटे सर आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे, पण मी म्हणणार नाही. वाईटच होता.

शाळा आटपाडीच्या पुढं, दहिगुडे नावाच्या गावात. गावाबाहेर माळ, माळावर मेंढरं आणि मधोमध आमची पत्र्याची माध्यमिक शाळा. मी तिथं विज्ञानाची शिक्षणसेवक होते. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, काम पूर्ण शिक्षकाचं आणि पगाराच्या नावाला मानधन. अशी तीन वर्षं काढायची, मग शिक्षण खात्याचे साहेब येऊन पाठ बघणार, शेरा लिहिणार, आणि शेरा चांगला असला तर कायम. माझी तीन वर्षं त्याच महिन्यात भरत होती. घरी विट्याला सासूबाईंनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "कायम झालीस तर कर बाई नोकरी. नाहीतर पुरे झाला तो एसटीचा धुरळा." आणि इकडे संस्थेच्या अध्यक्षांची धाकटी सून बीएड होऊन घरात बसलेली. तिचाही विषय विज्ञानच. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती, त्यामुळे पाठ कसा व्हायला पाहिजे हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता ते चुंबक. शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं, त्याची किल्ली सरांच्या खिशात. कपाट उघडायचं वर्षातून दोनदा. एकदा खंडेनवमीला, आतल्या सगळ्या उपकरणांना हळदकुंकू लावून पूजा करायला, आणि एकदा तपासणीला. एरवी मी कितीही मागितलं तरी सर म्हणायचे, "पोरं फोडतील, बाई. मग भरपाई कोण देणार?" म्हणून मी माझं साहित्य स्वतः गोळा केलं होतं. मांडववाल्याकडच्या फुटक्या कर्ण्यातून दोन गोल चुंबकं काढून आणली. ती काठीत ओवली की वरचं खालच्यावर अधांतरी तरंगायचं आणि पोरं वेडी व्हायची. जुन्या करवतीच्या पात्यावर चुंबक एकाच दिशेने घासून आम्ही नवीन चुंबक तयार केलं, दोऱ्याने टांगलं, ते दक्षिणोत्तर उभं राहिलं तिथं वर्गाच्या जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. बोल्टला तार गुंडाळून, सेल लावून विद्युतचुंबक केलं. मग त्याच पात्याचा एक तुकडा चिमट्यात धरून चुलीत लालबुंद केला, थंड झाल्यावर टाचण्यांना लावला. एकही टाचणी उचलली गेली नाही. दादासो खरात नावाचा पोरगा हळहळून म्हणाला होता, "मेलं की वो बाई ते."

सर या सगळ्याला ‘भंगार’ म्हणायचे. तपासणीच्या दिवशी भंगार टेबलावर दिसता कामा नये, असा त्यांचा हुकूम होता.

मी त्या शाळेत पहिल्यांदा आले तेव्हाची एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. पहिल्याच आठवड्यात मी सेल, तार आणि बल्ब घेऊन वर्गात गेले. जोडणी केली. सेल जुना निघाला, बल्ब काही लागला नाही. मी सहज विचारलं, "काय झालं?" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "बल्ब लागला, बाई." बल्ब समोर काळाठिक्कर. मी म्हटलं, "नीट बघा." पुन्हा तोच सूर, "लागला, बाई." आधीच्या गुरुजींनी त्यांना तसंच घोटवलेलं. पुस्तकात लागतो म्हणजे लागतो. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानंतर तीन वर्षं मी एकच घोकत राहिले, डोळ्याला दिसेल ते सांगा, पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. हळूहळू सांगायला लागली. "बाई, तुमचा प्रयोग फसला," असं तोंडावर म्हणायला लागली. मला दुसरं काही नको होतं.

तपासणीला गलांडे साहेब आले. जाड काचांचा चष्मा, मितभाषी, हातात लाल पेन. सकाळीच सरांनी कपाट उघडून दाखवलं. सगळी उपकरणं रंगवून, पुसून, ओळीने मांडलेली. साहेब खूश झाले. त्यांनी जागच्या जागी नोंद केली, ‘प्रयोगशाळेचे साहित्य सुस्थितीत.’ नंतर चहा, पोहे, आणि मग माझा पाठ. आठवीचा वर्ग, विषय चुंबकत्व.

वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावर साहेब, शेजारी सर. टेबलावर लाकडी स्टँड, त्यावर रुमालाचं ताट. मदतीला मी सारिका हुबालेला उभी केली. सारिका म्हणजे मेंढपाळाची पोर, बोलायला कमी पण हात चलाख. करवतीच्या पात्याला दोरा अचूक मध्यावर बांधायचं काम तिचंच असायचं. तिने एक लाल पट्टी दोऱ्याला बांधून स्टँडला टांगली आणि स्टँडचा वरचा दांडा धरून उभी राहिली.

पट्टी फिरली, डुलली आणि थांबली. चुन्याच्या रेघेवर नाही. थेट मागच्या बाकावरच्या साहेबांच्या पोटाकडे तोंड करून थांबली.

 मी म्हटलं, दोऱ्याला पीळ असेल. विचारलं, "टांगलेलं चुंबक कोणत्या दिशेला स्थिर झालं?"

"दक्षिणोत्तर, बाई," वर्ग म्हणाला. सगळा वर्ग, एका सुरात.

साहेबांनी मान डोलावली.

मी दुसरी पट्टी उचलून टाचण्यांच्या डबीत बुडवली आणि वर काढली. एकही टाचणी नाही. रंग मात्र माझ्या बोटांना लागला. तेव्हा मला कळून चुकलं. ही चुंबकं मेलेली होती. कशी मेली ते मला ठाऊक नव्हतं, पण मेली होती हे नक्की.

मी म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं द्याल का? माझ्या पिशवीत दुसरं चुंबक आहे, ते घेऊन येते."

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "शाळेचं आहे ना समोर?"

"आहे, पण ते—"

"साहेब, साहित्य सुस्थितीत आहे," खरमाटे सर घाईने म्हणाले. "आपण मघाशीच नोंद केलीत. बाई, पाठ पुढं न्या. वेळ चाललाय."

काय करणार होते मी? पुढं नेला. ‘उ’ टोक टांगलेल्या पट्टीच्या ‘उ’ टोकाजवळ नेलं. दोन सारखे ध्रुव, पट्टी झटकन लांब पळायला पाहिजे. आणि खरंच ती लांब गेली. हळूच, पण गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"प्रतिकर्षण झालं, बाई," सगळे म्हणाले. "सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात."

दादासो तर उभा राहून म्हणाला. साहेबांचं लाल पेन कागदावर चालायला लागलं. सरांचा चेहरा फुलला. दोन क्षण मलाही वाटलं, झालं, सुटले. तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. सारिकाचा हात स्टँडच्या दांड्यावर होता आणि तिची दोन बोटं दोऱ्यावर. ती दोरा हळूहळू पिळत होती.

त्या क्षणी माझं जे डोकं फिरलं, ते सांगून कळायचं नाही. मला तो काळा बल्ब आठवला. वाटलं, तीन वर्षं घसा फोडला तो सगळा पाण्यात गेला. साहेब बसले की ही पोरं परत पोपट. दिसतंय एक, सांगतायत दुसरं, आणि वरून ही पोर हाताने खोटं करून दाखवतेय. माझ्याच हाताखाली शिकलेली, माझी सगळ्यात शहाणी पोर. नोकरी, साहेब, सासूबाई, काही म्हणून डोक्यात राहिलं नाही.

"सारिका," मी म्हणाले, "दोऱ्यावरचं बोट काढ."

तिने माझ्याकडे पाहिलं. बोट तसंच.

"काढ म्हणते ना."

ती मान हलवायला लागली, अगदी बारीक, मला एकटीला दिसेल अशी. नाही, नाही. मला तो निव्वळ हट्ट वाटला. मी पुढं होऊन तिचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. दोऱ्याचा पीळ सुटला, पट्टी गरगर फिरली आणि पुन्हा मनाला येईल तिकडे तोंड करून थांबली. मी ‘उ’ जवळ नेला. काही नाही. ‘द’ नेला. काही नाही.

"आता सांगा, काय दिसतंय?"

पोरं सारिकाकडे बघायला लागली.

साहेब उठून पुढं आले. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि सारिकाला विचारलं, "हे दोरा पिळायचं तुला कोणी शिकवलं, बाळ?"

सारिकाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बाईंनी?"

"न्हाई," ती म्हणाली. पण इतक्या हळू की साहेबांना ते हवं तसं ऐकता आलं.

"साहेब, ही चुंबकं निकामी झालीत," मी म्हणाले. "मी सकाळी तपासून बघायला मागितली होती. सरांनी हात लावू दिला नाही."

सरांनी काय म्हणावं? म्हणाले, "मी बाईंना सकाळीच दाखवली होती, साहेब." दाखवली होती हे खोटंही नव्हतं.

"साहित्याची खात्री करून घेणं हे शिक्षकाचं काम आहे, बाई," साहेब म्हणाले. "आणि हा सगळा वर्ग एका सुरात खोटं बोलला. हे एका दिवसात होत नाही. याला तयारी लागते." मग त्यांनी टोपण लावलं आणि ते चहाला गेले.

शेरा मला त्याच दुपारी वाचायला मिळाला. सरांनी स्वतः, अगदी दुःखी चेहरा करून वाचून दाखवला. विद्यार्थ्यांकडून निरीक्षणे खोटी वदवून घेतली जातात, सेवा समाधानकारक नाही. सर म्हणाले, "मी फार सांगून बघितलं हो साहेबांना." मी म्हटलं, "सर, निदान आता तरी सांगा, त्या चुंबकांचं काय केलंत?" तर म्हणाले, "रंग दिला. चांगलं केलं ते तुम्हाला बघवत नाही, याला मी काय करू?"

मी आठवीच्या वर्गावर गेले. पोरं घरी गेली नव्हती. सगळी बसून होती. मी बोलले, आणि काय काय बोलले ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं. पोपट म्हणाले, लाचार म्हणाले. म्हटलं, साहेब दिसला की शेपूट हलवता, तुम्हाला शिकवण्यापेक्षा मी तुमच्या मेंढरांना शिकवलं असतं तर बरं झालं असतं. सारिका उभी राहून काहीतरी बोलायला गेली. मी म्हटलं, "तू तर तोंडच उघडू नकोस. तुझा हात बोललाय सगळं."

ती खाली बसली.  मी पिशवी उचलली आणि निघाले.

फाट्यावर एसटी थांबायची तिथं एक बाभळ होती, तिच्या सावलीला उभी होते. ऊन मी म्हणत होतं. थोड्या वेळाने दादासो पळत आला. माझा जेवणाचा डबा शिक्षकांच्या खोलीत राहिला होता, तो घेऊन.

"ठेव तिथं," मी म्हटलं.

त्याने डबा दगडावर ठेवला, पण तो गेला नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला.

"बाई, एक सांगू का? रागवू नगा."

"आता काय राहिलंय रागवायचं?"

"त्ये दोनी चुंबक आमच्या मामाच्या दुकानात आलं हुतं. वेल्डिंगच्या. परवा दिशी. शिपायानं आणलं. लई गंजल्यात, जुना रंग निघंना, म्हणून मामानं गॅसच्या ज्वाळंवर धरलं. लालबुंद झालं. मग वाकडं हुतं म्हणून ऐरणीवर घेऊन हातोडीनं ठोकलं." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मी तितंच हुतो. मी मामाला म्हणलं, मामा, तापवू नगा, ठोकू नगा, मरतंय ते. बाईंनी दाखवलंय आमाला. तर मामा म्हणला, सरांनी सांगितलंय तसं करायचं, तू लई शाना झालायस."



"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच हुतो. रात्रीच समदी जमलो आमी, बिरोबाच्या देवळात. सारिका म्हणली, बाईंना सांगू नगा. बाईंना कळलं तर त्या सरांसंगं भांडत्याल. साहेबाच्या म्होरंच भांडत्याल. मग त्यास्नी काढत्यात. अध्यक्षांची सून टपूनच बसलीया." त्याने हे अगदी सहज सांगितलं, पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं. "मग ठरवलं. चुंबक मेलंय ह्ये आपल्यालाच म्हाईत. बाई विचारत्याल तवा समद्यांनी एका दमात पुस्तकातलं सांगायचं. साहेब लांब बसतोय, त्याला काय दिसतंय. आन् दोऱ्याचं सारिका बघती म्हणली."

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," मी म्हटलं.  "पट्टी हलत नव्हती ते तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं."

"व्हय की. न दिसाय काय झालं?" त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "पयल्यांदा साहेबाच्या प्वाटाकडं त्वांड करून थांबली तवा तर मला हसूच यायला लागलं हुतं. सारिकानं डोळं वटारलं."

 मी तिथंच दगडावर बसले, डब्याशेजारी.

"सारिका कुठाय?"

"घरी गेली. सरांनी सांगितलंय, बापाला घिऊन ये, तवर शाळंत पाऊल टाकायचं न्हाई. बाप तिचा मेंढरं घिऊन कोकणाकडं गेलाय. त्यो कवा येणार?" मग म्हणाला, "ती म्हणत हुती, बाई बोट काढ म्हणल्या तवा काय करावं ते कळंना. काढलं तर बाईंची नोकरी जाती. न्हाई काढलं तर बाईंचं ऐकलं न्हाई असं हुतंय. मी मान हलवून सांगत हुते, पर बाईंना समजंना."

मी म्हटलं, "चल, मला तिच्याकडे घेऊन चल."

"आता न्हाई गावायची. चुलतीसंगं मेंढरांच्या वाड्यावर गेली. तिकडं गाडी जात न्हाई."

लांबून धुरळा दिसायला लागला. ही गाडी चुकली की थेट दुसऱ्या दिवशीची. मी उभी राहिले. मनात आलं, परत जावं, सरांच्या तोंडावर सगळं फेकावं, साहेबांना गाठावं. पण सांगणार काय? पोरांना माहीत होतं असं? म्हणजे ठरवून खोटं बोलली हे मीच लिहून द्यायचं. साहेबांचा शेराच खरा ठरणार होता, आणि सारिकाचं नाव त्यात पहिलं येणार होतं. ज्याने चुंबक ज्वाळेवर धरायला लावलं त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. त्याचं साहित्य सुस्थितीत होतं.

बिघडलंही नाही. खरमाटे सर पुढं आदर्श मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. अध्यक्षांची सून जूनमध्ये रुजू झाली. मी विट्याला आले ती परत कुठल्या शाळेची पायरी चढले नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत मी एकदा दहिगुड्याला जाऊन आले, वाड्यावर पायी गेले. सारिका नव्हती. चुलती म्हणाली, "मेंढरांमागं गेलीया बापासंगं. शाळंत घेत न्हाईत म्हणल्यावर काय करणार?" मी आणलेला फराळ तिथं ठेवला. मी कोण, असं तिने विचारलं. मी म्हटलं, शाळेतली होते.

पण त्या दिवशी फाट्यावर मला यातलं काही माहीत नव्हतं. गाडी थांबली. दादासोने डबा माझ्या हातात दिला, पिशवी वर चढवली आणि दार लागायच्या आत विचारलं,

"बाई, पर उत्तर बरोबर हुतं न्हवं आमचं?"

"बरोबर होतं," मी म्हणाले.